स्ट्रेप्टोकॉकस: ओळख, वर्गीकरण आणि अपवाद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खालचे प्रश्न बहुतेक दोन प्रकारच्या लोकांकडून येतात: परीक्षेच्या तयारीला लागलेले विद्यार्थी आणि हातात कल्चरचा रिपोर्ट घेऊन बसलेली माणसं. दोघांची गाडी साधारण एकाच ठिकाणी अडते. या जिवाणूंची विभागणी गेल्या दीडशे वर्षांत निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या निकषांवर केली आणि ती सगळी नावं आजही एकत्र वापरात आहेत. त्यामुळे समोर आलेलं नाव कुठल्या निकषातून आलंय, हे आधी ओळखावं लागतं.

शब्दांबद्दल एक सूचना. मराठी पाठ्यपुस्तकांप्रमाणे इथे ‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज. बोलताना बरेच जण उलटं वापरतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. ‘स्ट्रे.’ हा स्ट्रेप्टोकॉकसचा संक्षेप. आणि औषधोपचाराचा निर्णय या पानावरून घेऊ नका, तो डॉक्टरांचा.

१. स्ट्रेप्टोकॉकस म्हणजे नेमकं काय?

गोल किंवा किंचित लांबट पेशींच्या, जोडीने वा माळेसारख्या राहणाऱ्या जिवाणूंची एक प्रजाती. पेशीचा व्यास साधारण ०.५ ते २ मायक्रोमीटर. ग्रॅम रंजनात जांभळ्या दिसतात, म्हणजे ग्रॅम-पॉझिटिव्ह. बीजाणू तयार करत नाहीत, कॅटॅलेज हे विकर (एन्झाइम) त्यांच्याकडे नसतं आणि साखरेचं किण्वन करून मुख्यतः लॅक्टिक आम्ल बनवतात. ऑक्सिजन असो वा नसो, बहुतेकांचं भागतं (प्रश्न १८). आजवर शंभराहून अधिक जातींना नावं मिळाली आहेत. त्यांतल्या काही घसादुखीपासून मेंदूज्वरापर्यंतचे आजार करतात, पण बऱ्याचशा माणसाच्या आणि प्राण्यांच्या तोंडात, घशात, आतड्यात निमूटपणे राहतात.

२. हे नाव कुणी दिलं? अर्थ काय?

ग्रीक ‘स्ट्रेप्टॉस’ म्हणजे पीळ दिलेलं, सहज वळणारं आणि ‘कॉकस’ म्हणजे दाणा. व्हिएन्नातले शल्यचिकित्सक थिओडोर बिलरोथ यांनी १८७४ मध्ये चिघळलेल्या जखमांमध्ये आणि विसर्प या त्वचारोगात दिसलेल्या दाण्यांच्या माळांसाठी हा शब्द वापरला. १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी बाळंतज्वराच्या रुग्णांमध्ये अशाच माळा दाखवून दिल्या. १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी ‘स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस’ हे जातीचं नाव दिलं. पायोजेनिस म्हणजे पू निर्माण करणारा. हीच या प्रजातीची नमुनाजाती मानली जाते.

३. वर्गीकरणाच्या शिडीत ही प्रजाती कुठे बसते?

संघ बॅसिलोटा, वर्ग बॅसिलाय, गण लॅक्टोबॅसिलेल्स, कुल स्ट्रेप्टोकॉकेसी. जुन्या पुस्तकात संघाचं नाव ‘फर्मिक्यूट्स’ दिसेल. ते चुकीचं नव्हतं, २०२१ मध्ये संघांची नावं औपचारिक नियमांत बसवताना बदललं.

यावर हमखास उपप्रश्न येतो: बॅसिलस म्हणजे दंडाकार, मग गोल जिवाणू ‘बॅसिलाय’ वर्गात कसा? वर्गाचं नाव त्यातल्या एका प्रजातीवरून पडलंय, आकारावरून नाही. जनुकीय क्रम पाहिला तर स्ट्रेप्टोकॉकस हा दंडाकार लॅक्टोबॅसिलसच्या भावकीतला आहे. उलट, तितकाच गोल असलेला मायक्रोकॉकस अगदी वेगळ्या संघातला. गोल आकार जिवाणूंच्या उत्क्रांतीत अनेकदा स्वतंत्रपणे आला आहे, तेव्हा आकारावरून नातं लावायला जाऊ नये.

४. स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस यांत फरक कसा करायचा?

पुस्तकी उत्तर: पहिल्याची माळ, दुसऱ्याचा घोस. स्ट्रेप्टोकॉकसची पेशी पिढ्यानपिढ्या एकाच दिशेने विभागते, म्हणून दाणे एका ओळीत राहतात. स्टॅफिलोकॉकस दिशा बदलत विभागतो, म्हणून द्राक्षांसारखा घड होतो.

प्रयोगशाळेत मात्र निकाल कॅटॅलेज चाचणीवर लागतो. काचपट्टीवर वसाहतीचा कण घ्यायचा आणि त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब सोडायचा. स्टॅफिलोकॉकस असेल तर लगेच फसफसून बुडबुडे येतात. स्ट्रेप्टोकॉकस असेल तर थेंब तसाच शांत पडून राहतो.

इथे नवख्यांचा हात हमखास चुकतो. ब्लड आगरवरची, म्हणजे रक्त मिसळलेल्या घट्ट माध्यमावरची, वसाहत उचलताना लूप किंवा काडी जरा खोल गेली तर आगरमधल्या तांबड्या रक्तपेशी बरोबर येतात. रक्तपेशींत स्वतःचं कॅटॅलेज असतं, ते बुडबुडे काढतं आणि स्ट्रेप्टोकॉकसच्या नावापुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं जातं. वसाहतीच्या माथ्यावरचाच कण घ्यावा. शंका आली तर रक्त नसलेल्या माध्यमावर वाढवून पुन्हा तपासावं.

५. माझ्या स्लाइडवर साखळी दिसलीच नाही. मग तो स्ट्रेप्टोकॉकस नाही का?

असू शकतो. घट्ट माध्यमावरून पेशी उचलून काचेवर पसरताना माळा तुटतात आणि जोड्या किंवा छोटे पुंजकेच दिसतात. द्रव माध्यमात वाढवलेल्या नमुन्यात माळ चांगली दिसते. जातीनुसारही फरक पडतो. न्यूमोकॉकस, म्हणजे न्यूमोनिया करणारा स्ट्रे. न्यूमोनी, बहुधा जोडीतच आढळतो (प्रश्न १३).

माळ टिकते की तुटते, हे नव्या पेशी एकमेकींपासून सुट्या करणाऱ्या विकरांवर ठरतं. ही विकरं मंदावली की माळ लांबते. न्यूमोकॉकसमध्ये असं एक विकर निकामी केलं तर एरवी जोडीत राहणारे दाणे लांबच लांब माळेत दिसू लागतात. जुन्या, थकलेल्या कल्चरमधल्या पेशी ग्रॅम रंजनात गुलाबीही दिसतात, तेव्हा ताजं कल्चर घेतलेलं चांगलं.

६. अल्फा, बीटा, गॅमा म्हणजे काय?

ब्लड आगरवर वाढताना जिवाणू भोवतालच्या तांबड्या रक्तपेशींचं काय करतो, त्याचं हे वर्णन. रक्त मिसळलेल्या माध्यमावर स्ट्रेप्टोकॉकस वेगळे ओळखता येतात हे शॉटम्युलर यांनी १९०३ मध्ये दाखवलं. अल्फा-बीटा-गॅमा ही अक्षरं ब्राउन यांनी १९१९ मध्ये रूढ केली.

प्लेट उजेडासमोर धरून पाहा. वसाहतीभोवती स्वच्छ, आरपार दिसणारं वलय असेल तर बीटा: रक्तपेशी पुरत्या फुटल्या आहेत. हिरवट, धुरकट छटा असेल तर अल्फा. काहीच बदल नसेल तर गॅमा. गॅमाला ‘हीमोलायसिसचा (रक्तपेशी फुटण्याचा) तिसरा प्रकार’ म्हणणं मला पटत नाही. तिथे हीमोलायसिस होतच नाही, त्यापेक्षा सरळ ‘नॉन-हीमोलिटिक’ म्हणावं.

अल्फाचा हिरवा रंग कुठून येतो? हे जिवाणू हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर सोडतात, त्याने हीमोग्लोबिनचं ऑक्सिडीकरण होतं आणि रंग बदलतो. म्हणजे पेरॉक्साइड बनवायचं, पण ते मोडणारं कॅटॅलेज मात्र जवळ ठेवायचं नाही, असा यांचा कारभार.

वलय परिस्थितीनुसार बदलतं, हेही ध्यानात असू द्या. न्यूमोकॉकस हवेत अल्फा दिसतो, पण ऑक्सिजन नसलेल्या वातावरणात वाढवला तर त्याच्या न्यूमोलायसिन या विषामुळे बीटासारखं वलय देतो. रक्त मेंढीचं की घोड्याचं, यानेही चित्र बदलतं. म्हणून ‘अल्फा’ किंवा ‘बीटा’ ही त्या प्लेटवरची, त्या परिस्थितीतली नोंद समजावी.

७. रिपोर्टमध्ये ‘बीटा-हीमोलिटिक’ लिहिलंय. म्हणजे ग्रुप बी ना?

नाही. सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि गल्लत व्हावी अशीच ही नावं आहेत. ‘बीटा’ हे ग्रीक अक्षर रक्तपेशींवरच्या परिणामाचं (प्रश्न ६). ‘बी’ हे रोमन अक्षर पेशीभित्तीतल्या प्रतिजनाचं, म्हणजे प्रतिपिंडं ज्याला ओळखून चिकटतात त्या अंशाचं (प्रश्न ८). दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. घसादुखीचा ग्रुप ए हा बीटा-हीमोलिटिक असतो. ग्रुप बी-सुद्धा बहुतेक वेळा बीटा-हीमोलिटिक असतो. सी आणि जी या गटांतही बीटा असतात. तेव्हा ‘बीटा-हीमोलिटिक स्ट्रेप्टोकॉकस’ एवढंच लिहिलं असेल तर गट अजून सांगितलेलाच नाही.

८. लान्सफील्ड गट कसे ठरवतात?

रिबेका लान्सफील्ड न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होत्या. बीटा-हीमोलिटिक जिवाणूंची पेशीभित्ती गरम आम्लात उकळून त्यातला शर्करायुक्त अंश त्यांनी बाहेर काढला. वेगवेगळ्या प्रतिपिंडयुक्त रक्तद्रवांशी तो मिसळला की ठरावीक जोडीतच साका बसायचा. त्यावरून १९३३ मध्ये त्यांनी ए ते ई असे पाच गट मांडले. माणसाच्या आजारातून मिळालेले जिवाणू बहुतेक सगळे ए गटात पडले, गाईंचे आणि दुधातले बी गटात. पुढे यादी लांबत व्हीपर्यंत गेली, त्यात आय आणि जे ही अक्षरं वापरलेली नाहीत.

आता उकळत बसावं लागत नाही. प्रतिपिंड चिकटवलेले लॅटेक्सचे कण अर्कात मिसळले की जुळणाऱ्या गटाचे कण काही क्षणांत दह्यासारखे फाटतात.

दोन मर्यादा कायम लक्षात ठेवा. एक, सगळ्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये गटाचं प्रतिजन नसतं. न्यूमोकॉकस आणि बरेच विरिडन्स (प्रश्न १४) कुठल्याच गटात बसत नाहीत. दोन, डी गटाचं ‘प्रतिजन’ हे खरं तर लायपोटायकोइक आम्ल आहे, बाकीच्यांसारखी भित्तीतली शर्करा नाही. या दुसऱ्या मुद्द्याने पुढे बराच घोळ घातला (प्रश्न १६).

९. ग्रुप ए म्हणजे नेहमी स्ट्रे. पायोजेनिसच का?

जवळजवळ नेहमी, पण ‘नेहमी’ नाही. स्ट्रे. अँजायनोसस गटातले काही जिवाणू ए प्रतिजन दाखवतात (प्रश्न १५), आणि क्वचित स्ट्रे. डिसगॅलॅक्टीसुद्धा. म्हणून लॅटेक्सच्या जोडीला पीवायआर ही एक ठरावीक विकर आहे का ते पाहणारी चाचणी करतात. स्ट्रे. पायोजेनिस त्यात पॉझिटिव्ह येतो, हे दोघे निगेटिव्ह. बॅसिट्रॅसिनची कमी मात्रेची चकती ही जुनी चाचणी. पायोजेनिस तिला दबतो, पण सी आणि जी गटातलेही काही दबतात, म्हणून एकट्या चकतीवर विसंबू नये.

उलट दिशेनेही अक्षर पुरेसं नाही. सी आणि जी ही अक्षरं एकाहून अधिक जातींना मिळून आहेत. माणसात बहुतेकदा स्ट्रे. डिसगॅलॅक्टीची इक्विसिमिलिस ही उपजाती सापडते, पण घोड्यांना ‘स्ट्रँगल्स’ हा आजार करणारा स्ट्रे. इक्वाय हाही सी गटातलाच.

१०. एम प्रथिन म्हणजे काय? ते गटाहून वेगळं आहे का?

वेगळं. ए गटाच्या आतली पोटविभागणी एम प्रथिनावरून होते. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर केसांसारखं उभं असतं आणि जिवाणूला पांढऱ्या पेशींच्या भक्ष्यस्थानी पडू देत नाही. हे कामही लान्सफील्ड यांचंच. आता प्रथिनाऐवजी ‘ईएमएम’ या जनुकाचा क्रम वाचतात आणि दोनशेहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध फारशी चालत नाही. ‘मला घशाचा स्ट्रेप पुन्हा कसा झाला?’ याचं एक उत्तर हे.

एम प्रथिनाचे काही भाग हृदयाच्या प्रथिनांशी साम्य राखतात. घशाच्या संसर्गानंतर काही जणांत प्रतिपिंडं स्वतःच्याच हृदयावर उलटतात आणि संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर, येतो, त्यामागे हे साम्य असल्याचं मानलं जातं.

११. ग्रुप बी कसा ओळखतात?

ग्रुप बी म्हणजे स्ट्रे. अ‍ॅगॅलॅक्टी. नावाचा अर्थ ‘दूध आटवणारा’, कारण आधी तो गाईंच्या कासेच्या दाहातून ओळखीचा झाला. नवजात बाळांमधल्या रक्तसंसर्गाचं आणि मेंदूज्वराचं तो महत्त्वाचं कारण आहे हे नंतर कळलं.

त्याचं बीटा वलय अरुंद असतं, कधी वसाहत बाजूला सारल्याशिवाय दिसतच नाही. ओळखीसाठी १९४४ पासून चालत आलेली कॅम्प चाचणी फार देखणी आहे. प्लेटवर स्टॅफिलोकॉकस ऑरियसची एक रेघ ओढायची आणि तिच्या काटकोनात, तिला न टेकवता, तपासायच्या जिवाणूची. दोघांची द्रव्यं जिथे एकत्र येतात तिथे रक्तपेशी जास्त जोमाने फुटतात आणि बाणाच्या टोकासारखा स्वच्छ त्रिकोण उमटतो. ‘कॅम्प’ हा शब्द क्रिस्टी, अ‍ॅटकिन्स आणि मुंक-पीटरसन या शोधकर्त्यांच्या नावांतल्या अक्षरांपासून झाला, छावणीशी त्याचा संबंध नाही.

अपवाद: काही अ‍ॅगॅलॅक्टी नॉन-हीमोलिटिक असतात, त्यामुळे फक्त बीटा वलय शोधणारा त्यांना गाळून बसतो. दुसरीकडे, स्ट्रे. स्यूडोपोर्सिनस ही वेगळी जात बी गटाच्या लॅटेक्सला प्रतिसाद देते. तिथे पुन्हा पीवायआर कामी येते: स्यूडोपोर्सिनस पॉझिटिव्ह, अ‍ॅगॅलॅक्टी निगेटिव्ह.

१२. एएसओ वाढलेलं आहे. म्हणजे जिवाणू अजून अंगात आहे का?

एएसओ (अँटी-स्ट्रेप्टोलायसिन ओ) ही रक्ताची चाचणी मोजते ते जिवाणूला नाही, त्याच्या स्ट्रेप्टोलायसिन ओ या विषाविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांना. संसर्गानंतर साधारण आठवड्याने पातळी चढू लागते, तीन ते पाच आठवड्यांत शिखरावर जाते आणि मग हळूहळू उतरते. वाढलेला आकडा ‘अलीकडे गाठ पडली होती’ एवढंच सांगतो.

त्यातही दोन फाटे आहेत. सी आणि जी गटातले काही जिवाणूही हेच विष बनवतात, म्हणजे एएसओ फक्त ग्रुप एचं नाही. आणि त्वचेच्या संसर्गानंतर एएसओ फारसं वाढत नाही, कारण त्वचेतली स्निग्ध द्रव्यं हे विष निष्प्रभ करतात. तिथे अँटी-डीएनेज बी ही चाचणी अधिक उपयोगी.

‘ओ’ म्हणजे ऑक्सिजनने निकामी होणारं. त्याचं भावंड स्ट्रेप्टोलायसिन एस ऑक्सिजनमध्ये टिकतं, आणि प्लेटच्या पृष्ठभागावर दिसणारं बीटा वलय मुख्यतः त्याचं असतं. आगरमध्ये लूप खुपसून कापे देतात ते ‘ओ’ला हवेपासून आडोसा मिळावा म्हणून.

१३. न्यूमोकॉकसला स्ट्रेप्टोकॉकस का म्हणतात? तो तर जोडीत असतो.

बराच काळ त्याला ‘डिप्लोकॉकस न्यूमोनी’ म्हणतच होते. १९७४ मध्ये त्याला स्ट्रेप्टोकॉकसमध्ये घेतलं, कारण द्रव माध्यमात तोही माळा करतो आणि बाकीचे गुणधर्म इथलेच आहेत. १८८१ मध्ये पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांनी तो एकमेकांपासून स्वतंत्रपणे वेगळा केला होता. पेशी किंचित टोकदार, भाल्याच्या पात्यासारखी, आणि भोवती बहुशर्करेचं जाड कवच. या कवचाचे शंभरेक प्रकार माहीत आहेत आणि न्यूमोकॉकसच्या आजच्या लसी कवचावरच बेतलेल्या आहेत.

याच कवचाने जीवशास्त्राला मोठं दार उघडून दिलं. १९२८ मध्ये ग्रिफिथ यांनी कवचवाल्या मेलेल्या न्यूमोकॉकसबरोबर कवच नसलेले जिवंत न्यूमोकॉकस उंदरांना टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात कवचवाले जिवंत जिवाणू सापडले. मेलेल्याकडून जिवंताकडे गेलेली वस्तू म्हणजे डीएनए, हे १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी दाखवलं.

१४. विरिडन्स ही जात आहे का?

नाही. ‘विरिडन्स’ म्हणजे हिरवट. अल्फा वलय देणाऱ्या, पण न्यूमोकॉकस नसलेल्या जातींची ही मोट आहे, आणि त्यातले काही तर हिरवा रंगही देत नाहीत. १९९५ मध्ये १६एस आरएनए जनुकाच्या क्रमावरून स्ट्रेप्टोकॉकसचे जे समूह मांडले गेले, त्यांतले मायटिस, म्यूटन्स, सॅलिव्हेरियस आणि अँजायनोसस हे या मोटेतून निघतात. बोव्हिस आणि पायोजेनिक हे आणखी दोन.

या मंडळींचं घर म्हणजे तोंड. स्ट्रे. म्यूटन्स साखरेपासून चिकट ग्लुकन बनवतो, दाताला धरून बसतो आणि आम्ल सोडतो. क्लार्क यांनी १९२४ मध्ये किडलेल्या दातातून तो वेगळा केला. आम्लात त्याच्या पेशी गोल न राहता लांबट दिसल्या म्हणून त्याला ‘बदलणारा’ असं नाव पडलं. हिरड्यांतून रक्तात शिरलेले विरिडन्स, हृदयाची झडप आधीच खराब असेल तर तिच्यावर वस्ती करू शकतात.

१५. स्ट्रे. मिलरी आणि स्ट्रे. अँजायनोसस एकच का?

‘मिलरी’ हे नाव डॉक्टरांच्या तोंडी आहे, अधिकृत यादीत नाही. त्या नावाखाली ज्यांना धरलं जायचं ते म्हणजे अँजायनोसस, कॉन्स्टेलेटस आणि इंटरमीडियस या तीन जाती. या लेखातल्या सगळ्या नियमांना सुरुंग लावण्याचं काम हे तिघे करतात. वलय अल्फा, बीटा किंवा काहीच नाही. लान्सफील्ड गट ए, सी, एफ, जी किंवा कुठलाच नाही.

ओळखायचे कसे? वसाहती टाचणीच्या टोकाएवढ्या, एरवीच्या बीटा वसाहतींहून बऱ्याच लहान. आणि प्लेट उघडताच अनेकदा करपवलेल्या साखरेचा, कॅरॅमलचा गोड वास येतो, तो डायअ‍ॅसिटिलचा. अर्थात प्लेट मुद्दाम नाकाशी नेऊन हुंगू नये, सुरक्षेच्या नियमांत ते बसत नाही. या तिघांची खोड म्हणजे मेंदू, यकृत, फुप्फुस अशा खोल जागी गळू करणं, त्यामुळे रक्ताच्या कल्चरमध्ये हे नाव आलं की डॉक्टर गळू शोधायला लागतात.

१६. जुन्या पुस्तकात ‘स्ट्रे. फीकॅलिस’ आहे, नव्यात ‘एन्टेरोकॉकस फीकॅलिस’. कोणतं बरोबर?

नवं. शर्मन यांनी १९३७ मध्ये स्ट्रेप्टोकॉकसची चार घरं मांडली होती: पायोजेनिक, विरिडन्स, लॅक्टिक आणि एन्टेरोकॉकस. डी गटाचं प्रतिजन दाखवतात म्हणून एन्टेरोकॉकस पुढेही याच प्रजातीत राहिले. पण ते प्रतिजन मुळात लायपोटायकोइक आम्ल (प्रश्न ८), त्यावरून नातं सिद्ध होत नाही. डीएनएची तुलना झाल्यावर १९८४ मध्ये एन्टेरोकॉकस ही वेगळी प्रजाती झाली आणि १९८५ मध्ये लॅक्टिक घर ‘लॅक्टोकॉकस’ म्हणून वेगळं निघालं.

एन्टेरोकॉकस फार चिवट. १० अंश सेल्सियसलाही वाढतो आणि ४५ अंशांनाही, ६.५ टक्के मिठात वाढतो आणि ६० अंशांवर अर्धा तास काढतो. सेफॅलोस्पोरिन औषधं त्याच्यावर चालत नाहीत. त्यामुळे हा निव्वळ नावाचा बदल समजू नका, उपचारच वेगळा पडतो.

१७. मग डी गटात आता कोण उरलं? आणि स्ट्रे. बोव्हिस कुठे गेला?

जुना बोव्हिस समूह उरला. तो पित्त आणि एस्क्युलिन असलेल्या माध्यमात एन्टेरोकॉकससारखाच काळा रंग देतो, पण ६.५ टक्के मिठात वाढत नाही आणि पीवायआर निगेटिव्ह असतो. त्याची फोड होऊन माणसातल्या महत्त्वाच्या जातीला ‘स्ट्रे. गॅलोलिटिकस’ नाव मिळालं. हे निव्वळ नावाचं राजकारण वाटेल, पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी जो संबंध १९७०च्या दशकापासून सांगितला जातो, तो मुख्यतः गॅलोलिटिकसचा आहे. रिपोर्टवर नुसतं ‘बोव्हिस’ असेल तर कोणता, हे विचारून घ्यावं.

१८. स्ट्रेप्टोकॉकस श्वसन करतात का?

सर्वसाधारणपणे नाही. ऑक्सिजन असला तरी ते ऊर्जा किण्वनानेच मिळवतात, कारण श्वसनसाखळीला लागणारं हीम (लोह असलेला रेणू) त्यांना बनवता येत नाही. कॅटॅलेज नसण्याचं मूळही तिथेच. अपवाद म्हणजे स्ट्रे. अ‍ॅगॅलॅक्टी. त्याला बाहेरून हीम आणि क्विनोन पुरवलं तर तो श्वसन सुरू करतो आणि पीकही वाढतं. यंत्र घरात आहे, सुटे भाग दुसऱ्याचे.

१९. पेनिसिलिन अजून चालतं का?

स्ट्रे. पायोजेनिसवर चालतं, आणि इतक्या दशकांच्या वापरानंतरही चालतं हे खरोखरच नवल आहे. एरिथ्रोमायसिनच्या घराण्यातल्या औषधांना मात्र त्यानेही प्रतिकार कमावला आहे. न्यूमोकॉकसची गोष्ट वेगळी. तो भोवतालचा डीएनए उचलण्यात तरबेज आहे (प्रश्न १३). पेनिसिलिन ज्या प्रथिनांना पकडतं त्यांच्या जनुकांचे तुकडे त्याने मायटिससारख्या शेजाऱ्यांकडून घेऊन स्वतःच्या जनुकांत ठिगळासारखे बसवले. म्हणून त्याची संवेदनशीलता तपासावीच लागते.

२०. यातला एखादा उपयोगी आहे का?

स्ट्रे. थर्मोफिलस. योगर्ट आणि अनेक प्रकारची चीज त्याच्याशिवाय होत नाहीत. जिवाणू आपल्या क्रिस्पर पट्ट्यात विषाणूच्या डीएनएचे तुकडे साठवून त्याच विषाणूला पुढे दाद देत नाहीत, हे २००७ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं ते याच जातीत. २०२० च्या रसायनशास्त्राच्या नोबेलपर्यंत पोहोचलेली क्रिस्पर-कॅस९ कात्री मात्र रोगकारक पायोजेनिसची. शिवाय रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज हे औषधही बीटा-हीमोलिटिक स्ट्रेप्टोकॉकसकडूनच आलं.

२१. स्ट्रेप्टोमायसिन याच्यापासून मिळतं का?

नाही. ते स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या, तंतुमय, पूर्णपणे वेगळ्या संघातल्या जिवाणूपासून मिळतं. ‘स्ट्रेप्टॉस’ हा ग्रीक शब्द तेवढा सामायिक.

२२. आता जनुकं वाचता येतात. मग इतक्या जुन्या चाचण्या कशाला?

कारण नेमक्या अवघड जागी जनुकही दगा देतं. न्यूमोकॉकस आणि स्ट्रे. मायटिस यांचा १६एस क्रम ९९ टक्क्यांहून अधिक सारखा आहे, त्यावरून त्यांना वेगळं काढणं धोक्याचं. प्रथिनांच्या वजनावरून जात सांगणारं मॅल्डी-टॉफ यंत्रही या जोडीत गोंधळू शकतं.

अशा वेळी पित्तक्षाराचे थेंब कामाला येतात. न्यूमोकॉकसच्या वसाहतीवर डीऑक्सिकोलेट टाकलं की त्याचं स्वतःचं विकर जागं होऊन पेशी आतून फोडतं आणि वसाहत डोळ्यांदेखत विरघळून सपाट होते. मायटिस ढिम्म राहतो. ऑप्टोचिन या रसायनाच्या चकतीभोवती न्यूमोकॉकस १४ मिलिमीटर किंवा त्याहून मोठं मोकळं वर्तुळ सोडतो. हे मोजमाप ६ मिलिमीटरच्या चकतीचं.

यातही एक मासा निसटतो: २००४ मध्ये वर्णन झालेला स्ट्रे. स्यूडोन्यूमोनी. साध्या हवेत तो ऑप्टोचिनला दबतो, कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या हवेत दबत नाही, आणि पित्तात विरघळत नाही. चकती कोणत्या हवेत ठेवली होती हे लिहून ठेवलं नसेल तर निकाल वाचता येत नाही.

२३. ग्रॅम-पॉझिटिव्ह, माळेत, कॅटॅलेज निगेटिव्ह. सगळं जुळतंय, तरी स्ट्रेप्टोकॉकस नाही, असं होतं का?

होतं. एन्टेरोकॉकस आणि लॅक्टोकॉकस तर प्रश्न १६ मध्ये आलेच. व्हॅगोकॉकस ही १९८९ मध्ये वेगळी झालेली प्रजाती पाण्यातल्या नमुन्यांत सापडते, आणि तिच्यातले काही चक्क पोहतात. पेप्टोस्ट्रेप्टोकॉकस नावाने फसवतो, पण तो ऑक्सिजन सहन न करणारा, वेगळ्या वर्गातला.

सगळ्यांत चकवा देणारे म्हणजे अ‍ॅबिओट्रोफिया आणि ग्रॅन्युलिकॅटेला. पूर्वी यांना ‘पोषणाला नखरे करणारे स्ट्रेप्टोकॉकस’ म्हणत. रक्ताच्या बाटलीत वाढतात, ग्रॅम रंजनात माळ दिसते, पण नेहमीच्या प्लेटवर पसरवले की काहीच उगवत नाही. स्लाइडवर जिवाणू आणि प्लेट कोरी, अशी अवस्था झाली की त्याच प्लेटवर स्टॅफिलोकॉकसची एक रेघ ओढावी. दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या कडेने, तिने सोडलेल्या पायरिडॉक्सालवर जगणाऱ्या बारीक वसाहतींची रांग दिसली, तर उत्तर मिळालं. रेघेपासून जरा लांब गेलं की प्लेट पुन्हा कोरी.